फ्युरी रोड: स्टोरी नाही म्हणणाऱ्यांशी माझं भांडण

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'ला स्टोरीच नाही, दोन तास नुसत्या गाड्या पळतात, एका दिशेनं जातात आणि मग त्याच रस्त्यानं परत येतात, संपला पिक्चर. हे मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय, ऑफिसात, लग्नात, फॅमिली ग्रुपवर, आणि बोलणारी माणसं सिनेमा न कळणारी असतात असं अजिबात नाही, त्यातली निम्मी दर नोव्हेंबरात पणजीला इफ्फी फिल्म फेस्टिव्हलचा पास गळ्यात घालून दिवसाला चार-चार पिक्चर बघणारी आहेत. म्हणूनच हे लिहितेय. माझ्या मते जातात आणि परत येतात हीच त्या सिनेमाची स्टोरी आहे, आणि जग बुडाल्यानंतरचे जेवढे म्हणून ॲक्शन सिनेमे मी बघितलेत त्यात एवढी मोठी गोष्ट मला दुसरीकडे सापडलेली नाही.

पुढे सगळं उघड करून सांगणार आहे, ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघून घ्या.

तर जग संपलंय. तेलासाठी लढाया झाल्या, मग पाण्यासाठी झाल्या, जमीन मेली. वाळवंटात उंच सुळके आहेत, त्याला सिटाडेल म्हणतात, त्याच्या पोटात खूप खोल गोड्या पाण्याचा साठा आहे आणि तो साठा ज्याच्या ताब्यात तो इमॉर्टन जो तिथला देव. खाली फाटक्या माणसांची झुंबड, वरून हा मोठाले पाइप उघडतो, पाणी धबधब्यासारखं कोसळतं, माणसं हातात येईल ते भांडं घेऊन एकमेकांच्या अंगावर पडतात आणि काही सेकंदांत पाणी बंद. आणि वर त्यांनाच समजावतो की पाण्याची सवय लावून घेऊ नका, मग नाही मिळालं की त्रास होतो. शेजारी दोन ठाणी आहेत, एकाकडे पेट्रोल, दुसऱ्याकडे बंदुकीच्या गोळ्या. तिघांचं मिळून राज्य चालतं. जोची सगळ्यात भरवशाची ड्रायव्हर फ्युरिओसा, म्हणजे शार्लीझ थेरॉन, पेट्रोल आणायला म्हणून वॉर रिग नावाचा अवाढव्य टँकर-ट्रक घेऊन निघते आणि मध्येच गाडी रस्ता सोडून वळवते, कारण आत तिनं जोच्या पाच बायका लपवल्यात, ज्यांना तो पोरं काढण्यासाठी कोंडून ठेवत होता. तिला जायचंय तिच्या जन्मगावी, हिरवळीच्या जागी, जिथून लहानपणी तिला पळवून आणलं होतं. मागे जोची सगळी फौज लागते. मॅक्स, म्हणजे टॉम हार्डी, या सगळ्यात ओढला जातो तो कैदी म्हणून, नक्स नावाच्या एका आजारी पोराला रक्त पुरवणारी जिवंत पिशवी म्हणून गाडीच्या पुढे बांधलेला.

इथपर्यंत ठीक, पळापळीचा सिनेमा. पण मग ती पोचते आणि कळतं की हिरवी जागा उरलेलीच नाही. रात्री ज्या चिखलातून, कावळ्यांच्या दलदलीतून रिग कशीबशी बाहेर काढली तीच ती जागा. पाणी खराब झालं, काही उगवेना, माणसं गेली, मूठभर म्हाताऱ्या बायका मोटरसायकलवर उरल्यात. फ्युरिओसा एकटी वाळूच्या टेकडीवर चालत जाते, लोखंडी हात काढून टाकते, गुडघ्यावर बसते आणि ओरडते.

मग ठरतं की मिठाच्या सपाट वाळवंटातून पुढे जायचं, १६० दिवस पुरेल एवढं पेट्रोल बाइकवर लादून, पलीकडे काय आहे कुणालाच माहीत नाही. आणि मॅक्स त्यांना गाठतो आणि एक कापडावर काढलेला नकाशा दाखवतो. बोट ठेवतो ते सिटाडेलवर. तिथे पाणी आहे, तिथे हिरवं उगवतंय, आणि रखवालीला कुणी नाही कारण सगळी फौज इथे आपल्या मागे आलीय. परत चला.

मी गोव्यातल्या साखळी गावची. आमच्याकडचा अख्खा पट्टा लोहखनिजाच्या खाणींचा, पाळी, वेळगे, सुर्ला, सगळीकडे लाल माती, आणि माझं लहानपण सगळं खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांच्या रांगा बघण्यात गेलंय, सकाळपासून आमोण्याच्या जेटीकडे भरलेले जायचे आणि रिकामे परत यायचे, जेटीवरून माल बार्जमध्ये आणि बार्ज मांडवीतून मुरगावला. दोरीवरचे कपडे लाल, आंब्याची पानं लाल, शाळेच्या वह्या लाल. आणि पाण्याचं म्हणाल तर, गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एवढा पाऊस देशात फार थोड्या ठिकाणी पडत असेल, आणि तरी आमच्या पट्ट्यातल्या गावांत मे महिन्यात टँकर येतो. कारण खाणीचा खड्डा जमिनीतल्या पाण्याच्या पातळीच्या खाली गेला की आत पाणी भरतं, ते रात्रंदिवस पंप लावून उपसावं लागतं, आणि उपसलं की शेजारच्या विहिरी आटतात. ही गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. विहिरीच्या तळाला पाणी होतं, आता नाही, आणि पाणी कुणीतरी गाडीतून आणून देतो तेव्हा घागरी-बादल्या घेऊन पळायचं, तो लवकर पाइप बंद करील म्हणून आधी कुणाची भरायची यावरून भांडायचं. सिटाडेलचा तो पहिला सीन मी जेव्हा पणजीला थिएटरात बघितला, सिनेमा लागला तेव्हाच, २०१५ च्या मेमध्ये, ऐन पाणीटंचाईत, तेव्हा मला तो भविष्यातला वाटलाच नाही.

म्हणून ते परत फिरणं मला एवढं लागतं. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस बाहेर आहे, पुण्याला, बेंगळुरूला, गल्फमध्ये, बोटीवर, आणि जे इथे आहेत त्यांच्याही बोलण्यात तेच, आता इथे काय राहिलंय, कुठेतरी चांगली जागा बघून निघायला पाहिजे. जग बुडाल्यानंतरचे बहुतेक सिनेमेही हेच सांगतात, कुठेतरी एक बेट आहे, एक छावणी आहे, एक दरी आहे, तिथे पोचलं की सुटका. फ्युरी रोड बरोब्बर मधोमध ती जागा दाखवतो आणि ती चिखल निघते. आणि मग तो म्हणतो की पाणी जिथे आहे तिथेच आहे, तुम्हाला हाकललं तिथेच, नळ कुणाच्या हातात आहे तेवढा प्रश्न आहे. शेवटी जोचं प्रेत गाडीवर टाकून ती सगळी परत येतात तेव्हा वरचं पाणी कोण सोडतं बघा, ज्या बायकांचं दूध यंत्र लावून काढून घेत होते त्या बायका सोडतात. एक वाक्य नाही, भाषण नाही. आपल्याकडे इथे दहा मिनिटांचं भाषण झालं असतं.

आईला मी हा सिनेमा घरी टीव्हीवर दाखवला. पहिला अर्धा तास तिला आवाजच सोसवेना, मग ती जी बसली ती उठलीच नाही. त्यात एक म्हातारी आहे, बियाणं सांभाळणारी, तिच्याकडे चामड्याची पिशवी आहे, रात्री गाडीत बसून ती एका पोरीला पिशवी उघडून दाखवते, ही झाडं, ही फुलं, ही फळं, सगळं जपून ठेवलंय, जमेल तिथे एक-एक लावून बघते पण माती घेत नाही. आई दरवर्षी दोडक्याचं, चिबडाचं, भेंडीचं बी राखेत घोळवून बाटलीत भरून माळ्यावर ठेवते, मिरगाच्या पावसाला परसात लावायला. पिशवी उघडली तशी ती टीव्हीकडे बघून म्हणाली, "अगो, उघडी ठेवू नको म्हणावं तिला, वाऱ्यावर बी मरतं." पुढे ती म्हातारी जाते तेव्हा पिशवी एका पोरीच्या हातात असते, आणि आईनं आधी तेच विचारलं, पिशवी कुणी घेतली की नाही. मला नाही वाटत एखाद्या नुसत्या गाड्या पळणाऱ्या सिनेमात ७० वर्षांच्या बाईला पिशवीची काळजी लागते.

आता सिनेमा सांगितलाय कसा ते. दिग्दर्शक जॉर्ज मिलर हा माणूस मुळात डॉक्टर. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या चिंचिला नावाच्या लहान गावात वाढला, सिडनीला हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काम केलं, रस्त्यावरच्या अपघातांत फाटलेली माणसं रोज टेबलावर बघितली, आणि मित्र बायरन केनेडीबरोबर १९७९ मध्ये पहिला मॅड मॅक्स काढला, चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आतबाहेर, म्हणजे सिनेमाच्या हिशोबात किरकोळ पैशांत. १९८१ ला दुसरा, १९८५ ला तिसरा. केनेडी १९८३ मध्येच हेलिकॉप्टर अपघातात गेला. आणि चौथा थेट २०१५ ला, ३० वर्षांनी. मध्ये कितीदा ठरला आणि फिसकटला. शेवटी ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला शूटिंग ठरलं तर तिथे असा पाऊस झाला की वाळवंटात फुलं आली, मेलेली जमीन दाखवायचीय आणि जमीन हिरवीगार, म्हणून सगळा तांडा उचलून आफ्रिकेत नामिबियाला नेला, २०१२ मध्ये. कॅमेरामन जॉन सील निवृत्त झालेला, सत्तरीला टेकलेला, त्याला परत बोलावलं. सिनेमा लागला तेव्हा मिलर स्वतः ७० वर्षांचा. तरुण पोरांच्या ॲक्शन सिनेमांना या म्हाताऱ्यांनी धूळ चारली याचा मला खरंच अभिमान वाटतो, म्हणजे माझा काही संबंध नाही पण वाटतो.

आणि एडिटिंग. मार्गारेट सिक्सेल, मिलरची बायको, तिनं आधी एकही ॲक्शन सिनेमा एडिट केलेला नव्हता, आणि त्यानं तिलाच दिला, कारण नेहमीच्या माणसानं केला तर तो नेहमीसारखा दिसेल. तिच्यापुढे ४८० तासांच्या आसपास फुटेज होतं, त्यातनं दोन तास काढले, २७०० च्या जवळपास कट आहेत. एवढे कट असलेला ॲक्शन सिनेमा म्हटलं की डोकं दुखतं, कोण कुणाला मारतंय ते कळत नाही. इथे कळतं. का, तर जे बघायचंय ते प्रत्येक शॉटमध्ये फ्रेमच्या मधोमध ठेवलंय, चेहरा असो, बंदूक असो, चाक असो, कट झाला तरी डोळा जागचा हलत नाही, पुढची गोष्ट तिथेच हजर असते. एकदा ही गोष्ट लक्षात ठेवून पाच मिनिटं बघा, मग बाकीचे सिनेमे बघताना आपले डोळे किती धावपळ करतात ते जाणवायला लागतं. त्या वर्षी दहा नॉमिनेशनपैकी सहा ऑस्कर मिळाले, त्यात एक सिक्सेलला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हक्काचं तेच.

स्टोरी नाही म्हणणाऱ्यांना मी एक सीन नेहमी सांगते. रात्र आहे, चिखल आहे, मागून गोळ्यांवाल्या ठाण्याचा मालक मोठा सर्चलाइट लावून येतोय. मॅक्सकडे लांब पल्ल्याची बंदूक, गोळ्या मोजक्या. तो नेम धरतो, चुकतो. परत धरतो, परत चुकतो. एकच गोळी उरली. फ्युरिओसा मागे येऊन उभी राहिलीय, काही बोलत नाही. मॅक्स वळून बघत नाही, फक्त बंदूक तिच्याकडे देतो आणि स्वतः तिच्यापुढे बसून राहतो, ती बंदुकीची नळी त्याच्या खांद्यावर टेकवते, त्याला श्वास रोखायला सांगते आणि गोळी सोडते, लाइट फुटतो. पाऊण तासापूर्वी हीच दोघं वाळूत एकमेकांचा जीव घ्यायला निघाली होती. कानाशी गोळी सुटणार हे माहीत असून तो खांदा देतो. यात स्टोरी नाही? सिनेमाचा नायक, ज्याच्या नावानं सिनेमा आहे, तो माझ्यापेक्षा तुझा नेम चांगला आहे हे कबूल करतो आणि त्याचा पुरुषी मान वगैरे काही दुखावत नाही, सिनेमा त्यावर एक सेकंद जास्त थांबत नाही. त्यानंतर तो एकटा धुक्यात त्या माणसाला संपवायला जातो आणि ती मारामारी आपल्याला दाखवतच नाहीत. दूर एक स्फोट, मग हा परत येतो रक्तानं माखून, हत्यारांची पिशवी घेऊन. दोन तास मारामारीच दाखवणाऱ्या सिनेमानं नायकाची एक अख्खी मारामारी गाळली, कारण त्या वेळी गोष्ट गाडीतल्या बायकांची चालली होती.

आणि मिलरची ती डॉक्टरकी सिनेमाभर मुरलेली आहे. सुरुवातीला मॅक्सच्या पाठीवर गोंदवतात, त्यात रक्तगट, ओ निगेटिव्ह, म्हणजे कुणालाही चालणारा, म्हणून त्याला मारत नाहीत, रक्त काढायला उलटा टांगतात. शेवटी फ्युरिओसाला बरगडीत खुपसलेलं असतं, छातीत हवा कोंडून फुफ्फुस दबतंय, श्वास येईना, तेव्हा मॅक्स तिची माफी मागून बरगड्यांमध्ये भोसकतो आणि कोंडलेली हवा सोडतो. इमर्जन्सीत काम केलेल्या माणसालाच हे सुचणार. मग रक्त कमी पडतं तर तीच नळी, जी त्याच्याकडून जबरदस्तीनं रक्त घ्यायला लावली होती, ती तो आपल्या हातानं स्वतःला लावतो आणि तिला रक्त देतो. आणि तेव्हा पहिल्यांदा तिला आपलं नाव सांगतो. तोवर तिनं विचारलेलं असतं आणि यानं सांगितलेलं नसतं. माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं या सीनला.

माझा आतेभाऊ, आम्ही दादाच म्हणतो त्याला, त्याचा टिपर होता. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालू झाल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ८८ लीज रद्द केली तेव्हा परत बंद, आणि त्या काळात आमच्याकडे अंगणाअंगणात ट्रक उभे होते, टायरांतून गवत आलेले, बँकेचे हप्ते तर चालूच. दादाचाही तसाच उभा होता, शेवटी विकला. त्याला सिनेमाचं फार वेड नाही पण हा त्यानं तीनदा बघितलाय आणि तो जे सांगतो ते मला कुठल्या रिव्ह्यूत वाचायला मिळालं नाही. मॅक्स रिग घेऊन एकटाच पळायला बघतो आणि थोड्या अंतरावर गाडी बंद पडते, कारण तिची बटणं कुठल्या क्रमानं दाबायची ते फक्त फ्युरिओसाला माहीत. दादा म्हणतो, स्वतःच्या गाडीला प्रत्येक ड्रायव्हर असं काहीतरी करून ठेवतोच, दुसऱ्याच्या हातात गाडी कशी द्यायची. इंजिनाला आग लागली की फ्युरिओसा पुढचा नांगर खाली टाकून वाळू उडवते. आणि शेवटच्या पाठलागात मॅक्स आणि तो पोरगा नक्स धावत्या गाडीच्या बॉनेटवर चढून तोंडात पेट्रोल घेऊन इंजिनात थुंकतात, ते बघून दादा जागचा उठून उभा राहिला. डिझेलचा पाइप तोंडानं ओढलेल्या माणसालाच ती चव माहीत, म्हणाला, तीन दिवस जात नाही. गाडी हे या सिनेमात माणसाचं पोट आहे, धर्म आहे, स्टिअरिंग व्हील देव्हाऱ्यात रचून ठेवलेली आहेत आणि गाडी मिळाली की तेवढं एक उचलायचं. दादाला यातलं काहीच विचित्र वाटलं नाही, आमच्याकडे दसऱ्याला ट्रकला घातलेला हार बघितलेल्याला कशाला वाटेल.

लोक असंही सांगतात की यात कॉम्प्युटर ग्राफिक्स अजिबात नाही, सगळं खरं. हे मात्र बरोबर नाही, आणि बाजू घ्यायची तर खरं सांगून घ्यावी. जवळपास २००० शॉट्समध्ये व्हिज्युअल इफेक्ट्स आहेत, वादळ पूर्ण कॉम्प्युटरवर केलंय, फ्युरिओसाचा हात पुसलाय, केबल पुसल्यात, रात्रीचे सीन तर भर दिवसा शूट करून नंतर निळे केलेत. खरं काय आहे तर गाड्या खऱ्या आहेत, आपटतात त्या खऱ्या आपटतात, दीडशेच्या आसपास गाड्या बांधल्या होत्या. ती उंच काठ्यांवर झुलत दुसऱ्या गाडीतलं माणूस उचलणारी पोरं, ती खरंच धावत्या गाड्यांवर झुलतायत, मिलरला वाटत होतं हे कॉम्प्युटरवरच करावं लागेल, पण स्टंटवाल्या गाय नॉरिसनं करून दाखवलं. हा नॉरिस १९८१ च्या सिनेमात स्टंट करताना पाय मोडून घेतलेला माणूस. वजन कळतं डोळ्याला. गाडी उलटली की ती किती जड आहे ते पोटात जाणवतं, आणि कॉम्प्युटरचं काम त्याच्या मागे उभं राहतं, पुढे नाही.

आणि तो गिटारवाला! स्पीकरांचा डोंगर लादलेल्या ट्रकवर लाल कपड्यातला आंधळा माणूस दोऱ्यांना लटकून गिटार वाजवतोय, गिटारीतून आग, मागे ढोलवाले. गिटार खरंच वाजणारी, आग खरी. काही जणांना हे निव्वळ शोबाजी वाटतं. आमच्या शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, रोमटामेळाची मिरवणूक येतो तेव्हा, कोपऱ्यापलीकडे असतानाच ढोल-ताशा छातीत वाजायला लागतो आणि घरातली माणसं हातातलं टाकून बाहेर येतात, तसं ते आहे, फौज दिसायच्या आधी फौजेचा आवाज पोचला पाहिजे. कॅमेरा त्या ट्रकच्या जवळ गेला की संगीत मोठं होतं, लांब गेला की लहान. संगीत सिनेमावर चढवलेलं नाही, त्या वाळवंटातच वाजतंय.

बायकांबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी एवढंच सांगते. मॅक्सला पहिल्यांदा त्या पाच जणी दिसतात तेव्हा त्या पातळ पांढऱ्या कपड्यांत पाइपच्या पाण्यानं अंग धुतायत. दुसऱ्या कुठल्याही सिनेमानं इथे कॅमेरा कुठे फिरवला असता ते आपल्याला पाठ आहे. इथे एक जण कटरनं दुसरीच्या कमरेचा लोखंडी पट्टा तोडतेय, जो जोनं कुलूप लावून घातलेला, आणि मॅक्स बघतो ते पाण्याकडे आणि त्या कटरकडे, कारण त्याला तहान लागलीय आणि त्याच्या अंगावर साखळी आहे. बस. पट्टा पडला की एक जण त्याला लाथ मारते. त्यांच्यावर काय-काय झालं ते सिनेमा एकदाही करून दाखवत नाही, त्या कमरेच्या पट्ट्यावरून कळतं.

तक्रारी आहेत. अँघराड, पाचांतली पुढारी, पोटुशी, ती गाडीखाली येते ते मला अजून पटत नाही, सगळ्यांत जास्त बोलणारी, प्रश्न विचारणारी तीच आणि तिलाच मधेच घालवली. मॅक्सला मधून-मधून दिसणारी ती लहान मुलगी कोण, ते नीट बसत नाही, दर वेळी ती आली की सिनेमा अडखळतो. शेवटी-शेवटी एक स्टिअरिंग व्हील उडत कॅमेऱ्याच्या तोंडावर येतं, ते थ्रीडीसाठी केलेलं आहे आणि एवढ्या गंभीर वेळी ते खटकतं. आणि म्हाताऱ्या मोटरसायकलवाल्या इतक्या भराभर मारल्या की एकीचंही दुःख करायला वेळ मिळत नाही, नावंसुद्धा लक्षात राहत नाहीत.

नक्सबद्दल लिहिल्याशिवाय मात्र संपवता येत नाही. जोच्या फौजेतले वॉर बॉइज म्हणजे अर्धे मेलेले, गाठी झालेले पोरगे, त्यांना सांगितलंय की जोसाठी मेलात तर स्वर्गात जाल, तोंडावर चंदेरी रंग फवारून ते आरोळी ठोकतात, सगळ्यांनी बघा, आणि उडी घेतात. नक्सला तीच हौस. आणि ऐन वेळी, जो बघत असताना, तो साखळीत अडकून पडतो, आणि जो तोंड फिरवतो. त्या पोराचं तोंड बघा तेव्हा. पुढे त्याला गाडीच्या मागच्या कोपऱ्यात रडताना एक जण शोधते आणि त्याच्याशी नीट बोलते, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी. शेवटी खिंडीत तो एकटा रिग उलटवतो, सगळे वाचावेत म्हणून, तेव्हा तो ओरडत नाही. समोरच्या गाडीतल्या तिच्याकडे बोट दाखवून हळू आवाजात, बघ. देवासाठी मरायला निघालेला पोरगा माणसांसाठी मेला. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना कुणाच्यातरी नावानं घोषणा देत रस्त्यावर उतरवलेलं आपण सगळेच बघतो, त्यांच्याशी कोपऱ्यात बसून बोलायला कुणीच जात नाही.

२०२४ मध्ये 'फ्युरिओसा' आला, आधीची गोष्ट सांगणारा. त्या वर्षी आमच्या इफ्फीत ऑस्ट्रेलियाच फोकस कंट्री होता आणि तिथला दिग्दर्शक फिलिप नॉइसला सन्मान दिला, ज्याच्या 'डेड काम'चा निर्माता हाच मिलर होता, त्यामुळे त्या आठवड्यात पणजीत मॅड मॅक्सवर माझं बऱ्याच जणांशी बोलणं झालं आणि बहुतेकांचं म्हणणं होतं की आता आधी फ्युरिओसा बघायचा आणि मग फ्युरी रोड, गोष्ट त्याच क्रमानं आहे म्हणून. कृपा करून असं करू नका. फ्युरिओसा चांगला आहे, त्यातला ट्रकवरच्या हल्ल्याचा एक लांब सीन आहे, जो शूट करायला ७८ दिवस लागले, तो तर फारच भारी, पण तो १५ वर्षांची गोष्ट प्रकरणं पाडून निवांत सांगतो आणि त्यात कॉम्प्युटरचं काम ठिकठिकाणी दिसतं. फ्युरी रोड तीन दिवसांत घडतो आणि काहीच सांगत नाही. तिचा हात कसा गेला, ती जोकडे एवढ्या वर पोचली कशी, हिरव्या जागेबद्दल तिला काय आठवतं, हे आधी माहीत असलं की ती गाडी वळवते त्या क्षणी आपल्याला कारण ठाऊक असतं, आणि माहीत नसलं तर आपण मॅक्ससारखे त्या गाडीत चढतो, ही बाई कोण, हिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तिच्या वागण्यावरून एक-एक करून ठरवत जातो. तो विश्वास बसत जाणं हीच फ्युरी रोडची अर्धी गोष्ट आहे, ती आधीच्या सिनेमातून फुकट घेऊ नका. आधी फ्युरी रोड, आवाज मोठा ठेवून, शक्यतो मोबाइलवर नको. आवडला तर त्याची 'ब्लॅक अँड क्रोम' नावाची ब्लॅक अँड व्हाइट आवृत्ती आहे, ती. फ्युरिओसा त्यानंतर.